बोली

तिच्या भाषेत प नाही, ळ नाही.
पहिल्या दिवशी ताट पुढं सरकवून
रीहाम म्हणाली,
अजून एक बोली द्या.
बाया तोंडाला पदर लावून हसल्या.
मीही हसले.

बेगमपुऱ्यात आमचं पोळी-भाजी केंद्र,
सात बाया, तीन तवे,
विद्यापीठाच्या पोरांचे दीडशे डबे.
वरची खोली रिकामी होती, भाडं यायला हवं होतं.
खोटं कशाला बोलू, माया नंतर आली.
भाऊ शिकायला आला होता, मागून या दोघी,
तैझ नावाच्या शहरातून.
मग भाऊ जहाजावर कामाला गेला.
आधी त्याचा फोन यायचा.
रीहाम एकोणीसची, बुश्रा अकराची.

तिकडं काय झालं गं? मी विचारलं.
सगळ्यांनीच विचारलं होतं,
चौकीतल्या साहेबानं, शाळेच्या क्लार्कनं,
दळण टाकायला आलेल्या म्हातारीनं.
ती प्रत्येकाला तेवढंच सांगायची,
पाठ केलेला पाढा म्हणावा तसं.
कोंडाबाईनं माझा दंड धरला.
"काहून खोदू राहिली? विहीर हाय का ती?"

त्या दिवसापासून मी विचारलं नाही.
पिठाच्या हिशोबाची वही दिली तिच्या हातात.
तिनं उजवीकडून रकाने आखले,
आम्हाला वाचता येईना.
बेरीज मात्र बरोबर.
त्रेचाळीस रुपयांची चूक आमचीच निघाली,
मागच्या आषाढातली.

बुश्राच्या उशीत पोळ्या सापडल्या.
सात. वाळून पापड झालेल्या.
मी खोळ होती तशी घातली
आणि रोज रात्री एक ताजी
फडक्यात बांधून उशाशी ठेवू लागले,
न बोलता.
कितीतरी महिन्यांनी एका सकाळी
ती गल्लीतल्या कुत्रीला तुकडे टाकताना दिसली.
कुत्री खाईना. वाळलेलं कोण खातं?
बुश्रा तिच्यावर ओरडली, मराठीत.

दिवाळीत फटाके सुरू झाले की
दोघी जिन्याखाली जाऊन बसायच्या.
आम्ही मिक्सर लावायचो, रिकामाच,
आळीपाळीनं, रात्री अकरापर्यंत.
एक मोटर जळाली.
बचत गटाच्या वहीत लिहिलं: दुरुस्ती, चारशे ऐंशी.
कशाची, ते लिहिलं नाही.

शाळेच्या अर्जात रकाना होता, मूळ गाव.
क्लार्क म्हणाला, हे इथलं पाहिजे.
म्हटलं, साहेब, माझं मूळ गाव धरणात आहे,
पैठणच्या पाण्याखाली,
तरी माझ्या दाखल्यावर आहेच ना?
तो चष्म्यावरून बघत राहिला.
अकरा ते चार उभी होते मी त्या खिडकीशी.
परत येताना रीहामनं विचारलं,
तुमचं गाव दिसतं कधी?
पाणी फार उतरलं तर दिसतो पार. चिंच नाही दिसत.
तिनं फोन काढून एक गल्ली दाखवली,
निळा दरवाजा, त्याच्यापुढं एक खुर्ची.
मी काही म्हणाले नाही.
चहा घेऊ, म्हणाली. पैसे तिनंच दिले.

मकबऱ्याच्या रस्त्यावर ती स्कूटी शिकली.
रिक्षावाल्यानं कट मारला, पडली,
गुडघा फुटला.
मी धावणार, तर कोंडाबाई म्हणाली, राहू दे.
उठली, धूळ झटकली, आणि सुरू झाली:
"डोळे काय खिशात ठेवले का? माझ्या साईडनं चालले होते मी!"
गर्दी जमली.
रिक्षावाला सॉरी म्हणाला, ताई म्हणाला.
वर ती म्हणाली, बेट्रोल सांडलं माझं!
तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरात
दूध, सिलिंडर, आणि एक लाल गोल:
कार्डाची मुदत.
दिल्लीहून कागद यायचाय.
आला तर एक वर्ष. नाही आला तर
माहीत नाही.
गोलाच्या पुढच्या चौकोनात तिनं लिहून ठेवलंय,
गव्हाचं पोतं आणायचं, दोन.

आता ती पोळी नीट म्हणते,
प ओठ दाबून, ळ जीभ मागं वळवून.
परवा पंगतीत वाढताना
माझ्याच तोंडून निघालं,
घे ना गं, अजून एक बोली.